खरखर थांबली तेव्हा

वायरलेस सेट चालू ठेवला की तो सारखा खरखरत राहतो. पलीकडच्या माणसानं बटण दाबलं की खरखर एकदम थांबते. म्हणजे खरखर असेल तर तिकडं कुणी नाही, आणि काहीच ऐकू येत नसेल तर तिकडं माणूस आहे. तांड्यावर आणि फाट्यावर मिळून दहा-बारा जणांना मी हे शिकवलं. शिकवणाऱ्याला ते कळलेलं नव्हतं. आजही कुठल्या दुकानात रेडिओ खरखरता खरखरता गप्प झाला की माझे पाय थांबतात. सोबतचे विचारतात, काय झालं? काही नाही म्हणतो.

वारंगा फाट्याहून आत, एका खिंडीपलीकडं हा तांडा. मोबाइल फाट्यापर्यंत आला होता, खिंडीत शिरलं की रेंज जायची. तांड्याला फोन द्या म्हणून आम्ही चार पोरांनी अर्ज केले, धरणं धरलं, पत्रकं वाटली. 'दिल्लीचा आवाज तांड्यापर्यंत येतो, तांड्याचा आवाज फाट्यापर्यंत जात नाही' हे वाक्य माझं. मला ते फार आवडायचं. साहेब लोक पत्रक घडी करून खिशात घालायचे आणि बघतो म्हणायचे. बघत कुणीच नव्हतं. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी दोन वायरलेस सेट घेऊन देतो म्हटलं आणि निवडायला मलाच सोबत नेलं.

दुकानात आधी रंगीत प्लास्टिकचे दाखवले. खोक्यावर पाच किलोमीटर छापलेलं. मी विचारलं, मध्ये डोंगर असला तर? दुकानदार म्हणाला, मग दोन धरा. मी म्हणालो, मग खोक्यावर दोन छापा. मोठ्या ताकदीचे होते, त्यांना परवाना लागतो, आणि परवान्याच्या रांगेत म्हातारं व्हायची आमची तयारी नव्हती. मधले घेतले, बिनपरवान्याच्या लहरींच्या पट्ट्यात चालणारे, पेन्सिल सेलवरचे. खिंडीच्या अलीकडं-पलीकडं बांबूवर तार चढवली तेव्हा कुठं आवाज पोचला. पोचायचा, पण क्षीण. म्हणून खरखर दाबून टाकणारं बटण आम्ही बंदच ठेवायचो. ते लावलं असतं तर खरखरीबरोबर तांड्याचा आवाजही गेला असता.

मग माणसं निवडली. माझ्या मते ही निवड सेटच्या निवडीपेक्षा भारी होती. फाट्यावर जीपवाला. तो मूळ तांड्याचाच, पण राहायचा फाट्यावर; जीप चालवायचा आणि पंक्चरचं दुकान बघायचा. त्याची आई तांड्यावर होती, तेव्हा हाक आली की तो धावणार. दुसरा सेट तांड्यावर त्याच्याच घरी, धाकट्या भावाच्या बायकोकडं. तिचा नवरा पुण्याकडं बांधकामावर. ती सातवी शिकलेली, दिवसभर घरी, सासूसोबत. 'यंत्र बाईच्या हाती' असं मी पत्रकात ठळक छापलं. चाचणी घेतली ती मीच. खिंडीत उभा राहिलो आणि तिच्याशी बोललो. ती खणखणीत बोलली, भाऊ, आवाज बराबर येऊन राहिला. सासू बाजूनं म्हणत होती, पोराला म्हणावं उन्हात उभं राहू नको, भाकर खायला ये. आम्ही सगळे हसलो. चाचणी पास.

जीपवाला तिचा भासरा, थोरला दीर. भासऱ्यासमोर ती पदर पुढं ओढायची, त्याच्याशी एक शब्द बोलत नसे. मी हे पाहिलं होतं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण आमच्या गावाकडं, हट्ट्याच्या घरांत काय वेगळं होतं? माझी आईही भासरा दारात असला की बांगड्या वाजवायची. तो खाकरून बाजूला व्हायचा. मग काय सांगायचं ते ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही रीत. सेट वाटताना माझ्या डोक्यात वॅट होते, अंतर होतं, सेल होते. ही रीत नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी पंक्चरच्या दुकानात बसून नवं पत्रक लिहीत होतो. सोयाबीन काढायचे दिवस. जीप समोर उभी, तो काच पुसून आत आला होता. सेट फळीवर खरखरत होता.

खरखर थांबली.

तो म्हणाला, बोला. पलीकडून कुणी बोललं नाही. खरखर परत आली. पुन्हा थांबली, आणि या वेळी बारीक किणकिण ऐकू आली. बांगड्या. मीही ऐकल्या. तो लगेच उठला, "तुमी बघा," म्हणाला आणि बाहेर जीपपाशी जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला.

माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. खरखर पुन्हा थांबली, पुन्हा किणकिण. मी हात लांब केला आणि आवाजाची कळ खाली फिरवली.

बाहेरून त्यानं विचारलं, "काय म्हनते?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "लेकरं खेळून राहिले."

मी वाक्य पूर्ण केलं. ते काय होतं, आता आठवत नाही.

तासाभरानं तांड्याचा एक म्हातारा सायकलवर आला. त्याला धड श्वास घेता येत नव्हता. जीपवाल्याची आई घरामागं कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या कडप्यात हात घालत असताना तिला साप चावला होता. जीप सुटली. मी मागं बसलो. तिला घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, चेहरा पदरात. डांबरी लागायच्या आधी म्हातारी गेली. जीपवाल्यानं गाडी थांबवली नाही, दवाखान्यापर्यंत तशीच नेली.

तांड्यावर बोलणं सुरू झालं. सेट घरात होता, सून घरात होती, तोंड उघडलं न्हाई. मला तेच खरं वाटलं. आठ दिवसांत पत्रक छापलं: 'पदरानं घेतला बळी'. दोन बाजू भरून. बायकांच्या तोंडावरची ही बंदी किती दिवस, वगैरे. तांड्यावर घरोघरी मीच वाटलं. तिच्या दारात गेलो तर तिनं ते उभ्या उभ्या वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून, दोन्ही बाजू.

"हे कुनी लिवलं?"

मी म्हणालो, मी.

"मी बोलले न्हाई असं तुमाला कुनी सांगितलं?"

मला वाटलं, सावरून घेते आहे. मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता. आधी बटण दाबलं तर त्यांचाच, भासऱ्याचा, आवाज आला. मग बांगड्या वाजवल्या. त्यांना कळलं असणार, ते उठले असणार, मी दुपारी तिथंच असतो हे तिला ठाऊक होतं, आता भाऊ बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली. तुमी एक शब्द बोलला असता तर मी समदं सांगितलं असतं, म्हणाली. पुन्हा वाजवल्या. कुणीच बोललं नाही. सासूच्या तोंडाला फेस यायला लागला.

"मंग मी बोलले. त्यास्नीच बोलले. लग्न होऊन नऊ वरसं झाली, त्यास्नी हाक काय मारायची तेच ठाऊक न्हाई. ओ गाडीवाले, म्हनलं. याडीला पान लागलं, लवकर या. तीनदा म्हनलं. मंग सेट टाकला अन् पळाले म्हाताऱ्याकडं."

याडी म्हणजे आई, आणि साप चावला म्हणायचं नाही म्हणून पान लागलं. तीनदा. आणि फळीवरच्या सेटची कळ मी खाली फिरवलेली. तिनं सगळं बराबर केलं होतं. त्यानंही बराबर केलं होतं. त्यांची रीत चालू होती, तिच्यात एक तिसरा माणूस लागतो, आणि तो मी होतो.

दोन दिवस मी फाट्याकडं फिरकलो नाही. घरी पत्रकाचा गठ्ठा होता, त्याच्याकडं बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेलो. तो चाकाचे नट आवळत होता. मी उभ्यानंच सांगितलं, कळ मी फिरवली. पाना तसाच धरून तो ऐकत राहिला.

"मी तुमाला इचारलं होतं," तो म्हणाला.

"व्हय."

एक ट्रक येऊन हवा भरून गेला.

"ती काय म्हनली ते बराबर सांगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. ऐकून त्यानं मान वर केली. "गाडीवाले म्हनली?" तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितलं. "दुसरं काय म्हनल बिचारी." मग नट आवळून झाल्यावर विचारलं, "ते कागद किती घरी वाटले?"

समद्या, मी म्हणालो.

"मंग तेवढ्या घरी चाला."

गेलो. दर दारात मी तेच सांगत होतो आणि तो माझ्यामागं उभा होता. एक म्हातारी म्हणाली, तुझ्या कागदाचं काय घिऊन बसला लेका, आमाला कुठं वाचता येतं, आमाला तर तूच वाचून दाखवलं होतं. एकानं दार लोटलं. शेवटी त्याच्याच घरापाशी आलो. शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी पुन्हा सांगितलं: ती बोलली होती, मी ऐकलं नाही. ती दाराआड होती, पदर पुढं. बायका एकेक करून गेल्या.

मग दाराआडून ती माझ्याशी बोलली. "भाऊ, त्यास्नी म्हनावं, जेवून जा."

तो माझ्यापासून पाच हातांवर होता. त्याला ऐकू गेलं होतं. तरी तो माझ्याकडं बघत थांबला.

मी म्हणालो, जेवून जा म्हणते.

मग त्यानं पायातल्या चपला काढल्या.