बापाशी बोलणाऱ्या बाई

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता त्या बाई नाहीत आणि माझंही वय झालं, तेव्हा ऐका.

आमच्या ऑफिसातल्या या टेलिफोन ऑपरेटर येरवड्याहून यायच्या. नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. तो पलंगावरून घसरला की शेजारीण ऑफिसात फोन करायची आणि बाई धावत सुटायच्या. तेव्हा मोबाइल नव्हते. त्यांचा सगळा जीव त्या फोनपाशी.

"एवढं सोसून हसता कशा?" मी एकदा विचारलं.

"रडून पाहिलं हो. नाक लाल होतं, बाकी काही नाही."

माझं टेबल त्यांच्या पार्टिशनला लागून. रोज दुपारी पलीकडून आवाज यायचा, "बापा, आज फार दमले. तूच सांभाळ." मला वाटलं, ऑफिसच्या खर्चानं माहेरी वडिलांशी गप्पा चालल्यात. मी ते साहेबांच्या कानावर घातलं. ख्रिस्ती माणसं प्रार्थनेत देवाला 'बापा' म्हणतात, हे आम्हा सदाशिव पेठेतल्या विद्वानांना कुठून ठाऊक!

बाईंनी साहेबांना खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "ऑफिसच्या वेळेत देवाशीसुद्धा खासगी बोलणं नको." बदली झाली गावाबाहेर, मांजरी गावातल्या गोदामात. तिथे फोन नव्हता.

बाई केबिनमधून बाहेर आल्या त्या हसतच. "अहो, कोणीतरी माझा बाप काढला ऑफिसात!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

"आता कसं करणार?" कोणीतरी विचारलं.

"तिथूनही बोलेन. त्याला कुठे एक्सचेंज लागतं?"

गोदामात त्या पोत्यांच्या थप्पीआड प्रार्थनेला बसत. हमाल ओरडायचे, "बाई, आमचंबी सांगा की वर!"

"सांगितलंय. पण पोती आपटू नका, तो बघतोय!"

एकदा नवरा पडला, ते त्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या रविवारी बाई चर्चमध्ये नेहमीसारख्या खणखणीत आवाजात गायल्या म्हणे. शेजारणीनं विचारलं, "अजून रुसला नाहीत देवावर?" तर म्हणाल्या, "रुसले की. पण बोलणं टाकलं नाही."

नवरा गेल्यानंतरच्या नाताळात मी मन घट्ट करून त्यांच्या घरी गेलो.

"बाई, त्या बदलीचं म्हणजे..."

"आधी खा." त्यांनी ताटली पुढे केली. मी खाल्लं.

"हं, काय म्हणत होता?"

'ते मीच सांगितलं होतं, मला माफ करा', एवढंच म्हणायचं होतं.

"करंजी खुसखुशीत झालीय," मी म्हणालो.