गोदामातली माझी सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल.

कोल्हापुरात गुळाचं एक जुनं गोदाम होतं. गूळ कधीच बंद झालेला, पण पावसाळ्यात भिंतींना अजून गोडसर वास यायचा. तिथं आम्ही तिघं काम करायचो. पुढच्या खोलीत मी, चित्रं काढायची. मधल्या चौकात मूर्तिकार विलासराव. आणि मागं आप्पा. आप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, कुस्तीच्या मैदानाचे फलक लिहायचे. तीस वर्षं त्याच जागेत. कागद कसलाच नाही, म्हाताऱ्या मालकाचा शब्द तेवढा. अक्षराला वळण कसं द्यायचं, हे मला आप्पांनीच शिकवलं. हातावर हात ठेवून. "पोरी, ब्रश दाबू नगंस, त्यो आपसूक जातोय की."

मग मालक गेले आणि पुतण्या आला. आजूबाजूला तोवर दोन कॅफे झाले होते, पुण्याची माणसं भिंतींपुढे फोटो काढायची. पुतण्याला गोदामाचं तेच करायचं होतं – कॉफी, गाण्याचं स्टेज आणि पुढं छोटं कलादालन. कलादालन मी बघावं, असं तो म्हणाला. माझी चित्रं कायम तिथं लागतील. आमची कला जपायचीय, असंही म्हणाला. वाईट माणूस नव्हता हो तो. तसा असता, तर मला सोपं गेलं असतं का?

आप्पांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चार महिने ते आले नव्हते. उचगावला लेकीकडं होते.

पुतण्यानं एक कागद आणला. मागच्या भागात दोन वर्षांपासून कुणी काम करत नाही, नुसतं सामान पडून आहे – असं त्यावर लिहिलं होतं. खाली साक्षीदाराची सही हवी होती. विलासरावांनी कागद वाचला आणि परत दिला. म्हणाले, "खोटं हाय हे. मी न्हाय करणार." हातावरची माती तशीच घेऊन ते पुतण्याच्या ऑफिसात भांडायलाही गेले.

मी – मी सही केली.

मला कुणी धमकावलं नव्हतं. खोलीत मी एकटी होते. दोनदा वाचलं, आणि केली. दुसऱ्या दिवशी आप्पांचे डबे, शिड्या, अर्धी राहिलेली एक पाटी, सगळं टेम्पोत भरून उचगावला गेलं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. म्हणजे, हेही आहेच. खरं पुढंच आहे.

पंधरवड्यानं मी आप्पांना भेटायला गेले. का गेले? चांगलं वाटावं म्हणून – त्यांना की मला, कोण जाणे. आप्पा बाजेवर बसले होते, काळा चष्मा लावून. जागेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "आपल्यातल्याच कुणीतरी सही केल्या म्हणं. तुला काय ठावं हाय का गं?"

मी नुसतं नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं. गप्प बसले असते तरी. पण मी म्हणाले, "मला काय म्हाईत, आप्पा. विलासराव मात्र त्या दिवशी पुतण्याच्या ऑफिसात गेलते."

विलासरावांबद्दलचा शब्द खोटा एकही नव्हता. गेलेच होते ते.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विलास व्हय?" एवढंच म्हणाले. लेकीनं कप आणून ठेवला. मी चहा प्यायले.

त्यानंतर विलासराव तीनदा उचगावला गेले, आप्पा तिन्ही वेळा भेटले नाहीत. कारण विलासरावांना कधी कळलं नाही. मला म्हणायचे, "ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगा की." मी म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाचं मन, होईल शांत. असं मी पाच वर्षं म्हणत राहिले.

गेल्या वर्षी आप्पा गेले. मी लवकर पोचले. लेकीनं मला जवळ बसवून घेतलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. थोड्या वेळानं विलासराव आले, हातात हार घेऊन. ती ताडकन उठली, दारात आडवी झाली. "आत येऊ नका. माझ्या बाबांनी मरताना बी तुमचं नाव घेतलं न्हाय."

विलासरावांनी सगळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं – मी तरी काही बोलेन म्हणून. साठीचा माणूस. त्यांनी हार उंबऱ्याबाहेर ठेवला आणि चपला घातल्या.

ती परत येऊन माझ्याशेजारी बसली. मी तिचा हात हातात घेतला.