टू ओक्लॉक, रेस्ट

बायको केर काढताना काहीतरी पुटपुटते, हे मी एका वर्षी आधी कानाने पकडलं. जवळ गेलो की गप्प. मला वाटलं, मंत्र. आमच्या देवबाग गावात तेव्हा करणीची भीती घराघरात होती, आणि आमच्या घरात सासू-सून, म्हणजे माझी आई आणि ही, दोघींचं पटत नव्हतं. मी उंबऱ्याखाली, चुलीमागे शोधलं. लिंबू नाही, टाचणी नाही.

मग एकदा नीट ऐकू आलं. "मॉर्निंग टी. बाथ. ब्रेकफास्ट. वॉक."

मंत्र असता तर बरा, त्याला उतारा असतो.

शिकवणारी कोण ते लगेच कळलं. शेजारची म्हातारी मुंबईत सायबाच्या घरी आया होती, नुकतीच गावी आली होती. वाळूतसुद्धा वहाणा घालून चालायची. बायको तिला मासळी द्यायला म्हणून दुपारची जायची आणि लवकर येत नसे. मासळी द्यायला एवढा वेळ? मी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आलो, पेज प्यालो आणि गेलो मागोमाग. तिच्या कुडाला झावळ्या टेकवलेल्या होत्या, त्यांच्याआड उभा राहिलो.

"पेजेक काय म्हणतत गो काकी?" ही विचारत होती.

"सायबाक पेज नसता. आजारी पडलो तरच पितलो." म्हातारी हसली. "आता सांग. मडमेन इचारल्यान, माझो धाकलो बाबा कधी निजता?"

"बाबा स्लीप टू ओक्लॉक."

"माझी गो बाय! दसरो झालो काय आगबोटीन नेतंय तुका. मुंबयत कामाचां घर बघून ठेवलेलां आसा."

आत गेलो नाही. घरी येऊन दारापुढच्या खळ्यात बसलो.

ती आली. म्हटलं, "खंय गेल्लंस?"

"काकीकडे."

"टू ओक्लॉक काय आसता?"

ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने पदर खोचला. "आयकलात ता बरां झालां. थंय पोर निजलां काय आयान पण बसूचां, असो नेम आसा. त्येका रेस्ट म्हणतत. आमच्यात काय म्हणतत, सांगा."

"आळस," मी म्हटलं. आमच्या घरात तोच शब्द होता.

"म्हणानच जातलंय मी."

मी विनवण्या करणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत चटई टाकली आणि आईला सांगितलं, "ती आता पडतली. वाळत घातलेली मासळी मी परततंय." आई चार दिवस बोलली नाही. रापणीवरचे हसले, "काय रे, बायलेची आया झालंस?" मी कावळे हाकत होतो, हसू देत.

दसरा झाला. म्हातारी एकटीच आगबोटीत बसली. ही बंदरापर्यंत पोचवायला गेली, तर मी पाठोपाठ. परत फिरली तेव्हा मला बघून म्हणाली, "तुमी कित्याक इलात?" मी घराची वाट धरली.

का राहिली, ते तिने कधी सांगितलं नाही. चटई मात्र रोज पडायची. जायला म्हणून तिने एक लुगडं धुऊन ट्रंकेत तळाशी वेगळं ठेवलं होतं, ते लग्नाला, देवळाला कधी नेसली नाही. ती विहिरीवर गेली की मी ट्रंक उघडून बघायचो. लुगडं जाग्यावर असलं की बरं वाटायचं, आणि वाटायचंही नाही. वापरायचं नसेल तर ठेवलंय कशाला?

गेल्या वर्षी ती गेली. वाडीतल्या बायका तिला नेसवायला लुगडं शोधत होत्या. त्यांनी नेमकं तेच काढलं. घडी उलगडली तर आत कीड लागू नये म्हणून घातलेला निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला. इतक्या वर्षांचा असता तर हात लावताच त्याचा भुगा झाला असता. हा हिरवा होता, नुकताच बदललेला.

म्हटलं, "ह्यां नको. दुसरां नेसवा."

"कित्याक? चांगलां आसा मां," एकजण म्हणाली.

मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं.