वाटणीतला तक्रारींचा रूट

कल्पना करा, तुम्हाला पार्सल कंपनीच्या एपीआय गेटवेवर बसवलंय. ॲपमधली प्रत्येक विचारणा आधी तुमच्या दाराशी येते. ती कोणत्या सर्व्हिसकडे, म्हणजे आतल्या कोणत्या प्रोग्रामकडे धाडायची, ते तुम्ही रूटमध्ये पत्त्यासकट लिहून ठेवायचं. सर्व्हिस दुसऱ्या सर्व्हरवर गेली की पत्ता बदलायचा, तोही हाताने.

थोरली जाऊ हेच काम करायची. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं पोस्टमास्तर. "पोस्टमास्तर, आमचं बिऱ्हाड हललं बरं का," म्हणत कुणी ना कुणी चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी उभं असायचं. कपाळाला आठ्या घालून ती पत्ता बदलायची, पण मनातून सुखावायची.

मग धाकटी जाऊ त्याच ऑफिसात लागली. शब्द थोरलीनेच टाकला होता. धाकटीने आल्याआल्या सर्व्हिस डिस्कव्हरी बसवायला घेतली. प्रत्येक सर्व्हिसने सुरू होताच आपलं नाव आणि पत्ता रजिस्ट्रीत स्वतःच नोंदवायचा, गेटवेने नावावरून तो तिथे शोधायचा. रूटमध्ये आता नुसतं नाव. जुने रूट बदलायचं काम दोघींनी वाटून घेतलं.

थोरलीच्या टेबलाशी कुणी फिरकेना. घरी सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं तुझं ओझं उतरवलं गं." थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्या वाटणीतला तक्रारींचा रूट तिने मुद्दाम तसाच ठेवला, जुन्या पत्त्यासकट. कधीतरी ती सर्व्हिस हलेल आणि कुणीतरी धावत येईल.

सर्व्हिस हलली. ॲपवरून तक्रारी जाईनात. लोक धावले, पण धाकटीच्या टेबलाकडे. तिने रूट उघडला, क्षणभर पाहत राहिली आणि पत्ता पुसून नाव घातलं. साहेबांनी विचारल्यावर म्हणाली, "माझ्याकडून राहून गेला, सर."

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या.

"तो रूट माझ्या वाटणीतला होता," थोरली म्हणाली.

"माहितीये ताई. ते ताट इकडे सरकवा ना."

"मग साहेबांना तसं सांगायचं की."

"जाऊ द्या हो, काय एवढं त्यात."

धाकटी शेंगा सोलत राहिली. थोरलीने ताट सरकवलं. तिला एकच विचारायचं होतं, पण जीभ रेटेना. हिने मला सांभाळून घेतलं, की नाव घेण्याइतकंही खिजगणतीत धरलं नाही?