पडद्याचे तोंड देवीकडे

त्या दिवशी मी गावदेवीवर रागावलो होतो, आणि तो राग आठवला की आजही मान खाली जाते. अमेरिकेत पुलांचे आराखडे करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून बेलापूरला परतलो आणि कुणाच्याही आधाराविना एक चित्रपट केला, शेजारच्या दिवाळे गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांवर. एका निर्मात्याने विचारले, "यात रडणं कुठे आहे?" त्या बायका माझ्यासमोर कधी रडल्याच नव्हत्या. बाहेरच्या कुणी पाहण्याआधी तुम्हीच पाहाल, असा शब्द मी त्यांना दिला होता.

त्यासाठी माझ्याच सोसायटीचे सभागृह ठरले होते. खेळाच्या दिवशी सकाळी सचिवांनी मला जिन्यात गाठले.

"सर, पिक्चरला ना नाही. पण त्या बायका लिफ्टने वर येणार का? वासाच्या तक्रारी येतात हो."

"मासळी तर तुम्ही त्यांच्याकडूनच घेता."

"ते खाली, गेटवर."

सभागृह रद्द झाले. माणसाच्या हातची मासळी चालते, माणूस मात्र चालत नाही! गाडीत प्रोजेक्टर तसाच ठेवून मी दिवाळ्याकडे निघालो आणि वाटेत देवीला जाब विचारत राहिलो. एवढे सगळे सोडायला लावलेस, ते यांचा अपमान पाहण्यासाठी?

गावदेवीच्या देवळासमोर बायका नवी लुगडी नेसून, गजरे माळून तयार होत्या. चित्रपटात सर्वांत जास्त बोलणारी म्हातारी, चांगुणामावशी, पुढे आली. हॉल मिळाला नाही, एवढेच मी सांगितले.

"हॉल नाय, का आमी नको?" तिने विचारले. "बोल ना रं दादा. आमाला काय नवीन हाय?"

त्या शेवटच्या वाक्याने मला सर्वांत जास्त जाळले.

अंगणात आदल्या दिवशीच्या हळदीचा मांडव उतरवणे चालू होते. शिडीवरचा माणूस उरणचा मांडववाला होता, नूरभाई. हे नाव मला नंतर कळले. देवळाच्या दारासमोर एक पांढरे कापड तेवढे अजून बांधलेले होते. त्याची गाठ सोडता सोडता तो थांबला.

"काका, हे राहू दे का? स्पीकर आहे, जनरेटर आहे. मला घाई नाही."

मी त्याच्याकडे काहीही मागितले नव्हते.

दिवेलागणीला मी प्रोजेक्टर अंगणाच्या बाजूला मांडू लागलो, तशी चांगुणामावशी कडाडली, "पडद्याचं तोंड आईकडं कर! पयला मान आईचा. जालातली मासली असो नायतर पिच्चर."

"मग तुम्हीही तिकडेच बसा."

"आईकडं पाठ करून?"

"मावशी, इकडून सगळं उलटं दिसेल. अक्षरं वाचता येणार नाहीत."

"आमाला कुठं वाचायचीत? तोंडं तर आमचीच दिसतील ना?"

बायका खो खो हसल्या. मी मुकाट्याने प्रोजेक्टर देवीच्या उंबऱ्यापाशी नेला. चित्र देवीच्या समोर उमटले आणि पातळ कापडातून आमच्या बाजूला झिरपले. पडद्यावर चांगुणामावशीचा कोयता डाव्या हातात आला. "मावशे, तू डावरी कवा झालीस गं?" कुणीतरी ओरडले. "गप, आई बगते!" मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. तिचे रडणे मी तेव्हा प्रथमच पाहिले.

सोसायटीवरचा राग मी सोडलेला नाही. अपमान त्या बायकांचा झाला; तो माफ करण्याचा अधिकार माझा नाही. देवीशी मात्र त्यानंतर भांडलो नाही. कापड कुणी बांधले, ते कुणासाठी थांबले, याचा हिशेब मी मांडत नाही, हात जोडतो.

अखेरीस पडद्यावर माझे नाव आले. ज्या नावासाठी मी अमेरिका आणि नोकरी सोडली, ते उलटे उमटले होते आणि क्षणभर मलाच वाचता आले नाही. पलीकडे देवीला ते सुलट दिसत होते. तेवढे पुरे आहे.