पुसलेला चंद्र

माजरीत राहायचं तर फडकं हाताशी लागतंच. कोळशाच्या खुल्या खाणीत ब्लास्टिंग झालं, रस्त्यावरून डंपर गेले, की तासाभरात टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गच्चीवर दुर्बीण लावते, म्हणजे मला पुसायला इतर बायांपेक्षा एक वस्तू जास्तच.

त्या हिवाळ्यात मी मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका लघुग्रहाच्या मागे लागले होते. दुर्बिणीतून तो नुसता ठिपका. पण ओबडधोबड दगड स्वतःभोवती फिरतो तसा त्याचा उजेड कमीजास्त होतो, आणि ओळीने फोटो घेतले की त्या उजेडाचा आलेख काढता येतो. माझ्या आलेखात तीन संध्याकाळी खड्डे पडले होते. धूळ, दुसरं काय! पहिल्या वर्षी धुळीने माझी सगळी निरीक्षणं नासवली होती. दुधाने पोळलेली मी, ताकही फुंकूनच पिणार. खड्डे काढले, त्या वेळचे फोटोही लॅपटॉपवरून उडवले आणि स्वच्छ आलेख आमच्या हौशी निरीक्षकांच्या गटाचे मार्गदर्शक असलेल्या नागपूरच्या सरांना पाठवला.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, मधले तुकडे कुठे गेले?"

"सर, धूळ होती."

"मग शेजारचे तारेही मंद झाले असतील. पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. धूळ काही निवडून एकाच ठिपक्यावर बसत नाही. एकटा लघुग्रहच मंदावला असेल, तर त्याला छोटा चंद्र असणार. तो पुढे आला किंवा मागे दडला की दोघांचा मिळून येणारा उजेड घटतो. आता लघुग्रह दूर चालला होता, पुन्हा हाती लागायला वर्ष उलटलं असतं. आणि पुरावा मी स्वतःच पुसला होता. फोन ठेवून मी चक्क रडले.

माझा नवरा खाणीत सर्व्हेयर आहे. "काऊन रडून राह्यली?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"आमच्या मोजणीच्या फिल्डबुकात रबर चालतच नाई. आकडा चुकला त वरून एक रेघ मारायची, पण खालचा आकडा दिसला पायजे." मग कपाटातून त्याने जुनी हार्ड डिस्क काढली. "तुह्या कॅमेऱ्याचं कार्ड मी दर आठवड्याले यात उतरवून ठेवतो. तुले सांगतलं असतं त म्हणली असती, कचरा काऊन जमवून राह्यले?"

म्हटलंच असतं. त्या कपाटावरून मी त्याला कमी बोललेली नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे फोटो पुन्हा मोजले. तिन्ही वेळा शेजारचे तारे जसेच्या तसे, आणि लघुग्रह तेवढा मंद. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हौशी निरीक्षकांच्या आलेखांतही तेच खड्डे सापडले. चंद्राच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळावरून आणि दोघांमधल्या अंतरावरून सरांनी जोडीचं वजन काढलं. ते आकाराच्या मानाने कमी भरलं, म्हणजे लघुग्रह अखंड खडक नसून दगडगोट्यांचा सैल ढीग असावा.

"अन् चंद्र केवढा?" नवऱ्याने विचारलं.

"असेल दोनेक किलोमीटर."

त्याने खिडकीतून खाणीच्या मातीच्या डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढा मोठा चंद्र, अन् तुले तो कचरा वाटला?"

मला हसू आवरेना.