बड्या दिवसाची सुट्टी माझी होती

गाठोडं माझ्या टेबलावर आदळलं तेव्हा मी चौथीच्या मुलींना सतराचा पाढा विचारत होते.

गाठोडं आणणारा मॅनेजरसाहेबांच्या संत्र्याच्या बगीच्यातला रखवालदार होता. पन्नाशीचा माणूस. दारात थांबला नाही, काही विचारलं नाही. सरळ आत आला आणि मुलींच्या वह्यांवर गाठोडं टाकलं.

"साहेबांनी पाठवलं," तो म्हणाला. "बड्या दिवसाच्या सुट्टीत पाहुणे येऊन राहिले. चादरी हायेत, खोळी हायेत. परवा सकाळी धुऊन बगीच्यात आणून देजो म्हणे."

आणि गेला.

पहिल्या रांगेतली एक मुलगी, किराणावाल्याची, तिने हात वर केला. उत्तर सांगायला करतात तसा.

"बाई, तुम्ही आमचेपण कपडे धुता का?"

ती खोडी काढत नव्हती. खरंच विचारत होती. खोडी असती तर मला तिला रागावता तरी आलं असतं.

"पाढा म्हणा," मी म्हटलं.

मुलींनी म्हटला. मी ऐकला नाही.

माझा बाप परीट. पांढुर्ण्याच्या अर्ध्या पेठेचे कपडे त्याच्या पाठीवरून जाम नदीवर जायचे आणि धुऊन परत यायचे. आई मी लहान असतानाच गेली. धुतलेले कपडे घरोघरी पोचवायचं काम माझं. मागच्या दाराने. पुढच्या दाराने मी त्या घरांत कधी गेले नाही. त्याच घरांतल्या मुलींची जुनी पुस्तकं मागून मी शिकले, सातवी पास झाले, ट्रेनिंग केलं. मग मॅनेजरसाहेबांनी मुलींच्या शाळेत मला लावून घेतलं. शाळा त्यांच्या संस्थेची. संत्र्याचा मोठा व्यापार त्यांचा. कोणीही पाहुणा आला की ते मला बोलावून घेत आणि सांगत, "ही पाहा. परटाची पोर. आम्ही मास्तरीण केली."

मी मान खाली घालून उभी राहायची. आभार मानल्यासारखी.

पहिल्या वर्षी बड्या दिवसाच्या, म्हणजे नाताळच्या, सुट्टीआधी ते म्हणाले, "बगीच्यात ये. हुरडा आहे. सगळे मास्तर येणार." मला केवढा आनंद. मी ठेवणीतलं पातळ नेसले, केसांत शेवंती घातली. गेले तर सतरंजीवर सगळे मास्तर आणि त्यांच्या बायका बसलेल्या. मी कडेला टेकणार, तर मॅनेजरसाहेब म्हणाले, "अगं, इथं काय बसतेस? तुझी जागा तिकडे. विहिरीमागे."

विहिरीमागे खरकट्या ताटांची रास होती. मी पातळ खोचलं.

त्या दिवसापासून चार वर्षं. बड्या दिवसाची सुट्टी लागली की बाकी मास्तर नागपूरला जायचे, सासुरवाडीला जायचे. मी बगीच्यात. ताटं, चादरी, पाहुण्यांच्या लेकरांचे लंगोट. आणि गंमत अशी की हे अपमानाचं आहे असं मला वाटत नव्हतं. वाटत होतं, नोकरी लावली त्यांनी, एवढं तर केलं पाहिजे.

ट्रेनिंगमधली माझी मैत्रीण कमल, सौंसरच्या शाळेत होती. ती दर वर्षी कार्ड टाकायची. "या बड्या दिवसात तरी ये गं." मी दर वर्षी खोटं लिहायची. बापाला ताप आहे. मला ताप आहे.

तर त्या दिवशी, सतराच्या पाढ्याच्या दिवशी, शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंच्या खोलीत सही करायला गेले. भिंतीवर सुट्ट्यांची नवी यादी लागली होती. राज्य बदलल्यानंतरचा तो पहिलाच डिसेंबर. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आम्ही हिंदीकडे राहिलो, आणि कागद हिंदीतून यायला लागले. म्हणून मी थांबून वाचलं. एरवी वाचलं नसतं. मराठी यादी मला पाठ होती, आणि जे पाठ असतं ते माणूस वाचत नाही.

बडे दिन की छुट्टियाँ. तारखा. खाली लिहिलं होतं, सब शिक्षकों के लिए.

सब. मी तो शब्द बोट ठेवून वाचला. माझ्या मुली ठेवतात तसं.

"बाई," मी मोठ्या बाईंना विचारलं, "ही सुट्टी मलापण आहे का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आहे नं. पण तुझं तर तिकडे काम असते."

"ते काम शाळेचं आहे का?"

"आता हे काय नवीन काढलं?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस चाललं नं?"

सुट्टीत गाव सोडायचं तर शाळेत लिहून द्यावं लागे. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. सुट्टीत सौंसरला जात आहे, कळावे. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशी ओळ वाकडी गेली. मोठ्या बाईंनी कागद घेतला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पेपरवेटखाली ठेवला.

गाठोडं मी टेबलावरच सोडून आले.

अंधार पडायच्या आत ते रखवालदाराने घरी आणून टाकलं. बापाने उचलून आत घेतलं.

"बा, ते मी धुणार नाही. मी सुट्टीत सौंसरला जाणार."

"काहून?"

"मी मास्तरीण आहे."

"मंग? मास्तरीणचे हात झडून राहिले का पाण्यानं?" बाप हसत होता. त्याला वाटलं मी थकले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू गेलं. "पाह्य माय. त्यायच्या मेहेरबानीवर तू खुर्चीवर बसतं. अर्धी पेठ त्यायच्या शब्दात हाये. उद्या मले कोणी एक धोतर देणार नाही धुवाले. मंग काय खाशीन? पाढे?"

बापाचं बरोबरच होतं. तेच तर मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली. सकाळी उठले तर बाप घरात नाही, गाठोडं नाही. मी नदीवर धावले. डिसेंबरची थंडी, पाण्यावरून वाफ निघत होती. बाप गुडघाभर पाण्यात उभा राहून मॅनेजरसाहेबांच्या चादरी आपटत होता. सोड्याने त्याची बोटं कायम चिरलेली असायची. गार पाण्यात त्या भेगा पांढऱ्या पडत.

"सोड ते, बा."

"तू जाय सौंसरले. म्या धुतो. कोणाच्या हातानं धुतलं, कोणाले काय समजते?"

"मले समजते."

"मंग तू समजत बस," बाप म्हणाला आणि पुढची चादर घेतली.

मी हात लावला नाही. बाप पाण्यात, मी काठावर. चादरी वाळेपर्यंत मी तिथंच दगडावर बसून होते. त्या वेळाबद्दल मी कोणाला फारसं सांगत नाही. लोकांना वाटतं नकार देणं म्हणजे छाती ताणून उभं राहणं. मी तर म्हाताऱ्याला थंड पाण्यात राबताना पाहत बसले होते आणि आतून तडफडत होते. तीनदा उठले. तीनदा बसले. एक चादर धुतली असती तर पाचवं वर्षही तसंच गेलं असतं, एवढंच मला कळत होतं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी बापाने गाठोडं पाठीवर घेतलं. मी माझी पिशवी घेतली. नदी उतरून सावरगावच्या बाजूला बगीचा. मी त्याच्याबरोबर गेले. त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि जे सांगायचं ते तोंडाने सांगायचं होतं.

झाडांना संत्री लगडली होती. सतरंजी अंथरलेली. त्या वर्षीचा मोठा पाहुणा म्हणजे नव्या राज्याकडून आलेला एक साहेब. नागपूरची ओळखपाळख आता कामाची राहिली नव्हती, म्हणून मॅनेजरसाहेब स्वतःच्या हाताने त्याला संत्री सोलून देत होते. त्या वर्षी गावातच राहिलेले शाळेतले दोन मास्तरही बसलेले होते.

"आली का?" मॅनेजरसाहेब मला म्हणाले. "जा, विहिरीमागे रात्रीची ताटं पडलीत."

साहेबाने विचारलं, "यह कौन है?"

"हमारे धोबी की लड़की. हमने पढ़ाया, हमने नौकरी दी."

"अच्छा! टीचर है?"

"टीचर भी है," मॅनेजरसाहेब म्हणाले, आणि दोघे मास्तर हसले.

भी. माझ्या कानात तो शब्द अजून आहे.

मी पिशवी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळ्या हातांचा माझा मला भरवसा नव्हता.

"साहेब, हे कपडे माझ्या बापाने धुतले. तो त्याचा धंदा आहे. माझा धंदा शिकवायचा आहे. ताटं मी घासणार नाही. मले सुट्टी हाये. मी सौंसरले चालली."

शेवटी शेवटी माझी शाळेची भाषा सुटली आणि घरची आली. नव्या साहेबाला मराठी कळत नव्हती. त्याने इकडे तिकडे पाहिलं. "क्या बोल रही है?"

कोणीही सांगेना. मग मीच सांगितलं.

"आज छुट्टी है, साहब. मेरी भी."

मॅनेजरसाहेबांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. बापाने माझा दंड धरला. "चूप, माय, चूप." मग मला सोडून त्याने सगळ्यांना हात जोडले. एकेकाला. हसलेल्या मास्तरांनापण.

मी निघाले. कुंपणापाशी मागे वळून पाहिलं. बाप विहिरीमागे चालला होता. ताटांकडे.

मी परत फिरले नाही. मोटरस्टँडपर्यंत रडले आणि मोटरीत बसले.

सौंसरला कमलने मला पाहून ओरडून गल्ली गोळा केली. तिच्या घरी मी तीन दिवस राहिले. आयुष्यातली पहिली सुट्टी. पण सुट्टी घ्यायची कशी हे मला येत नव्हतं. पहाटे उठून बसायची. कोणी काम सांगितलं नाही की जीव घाबरा व्हायचा. दुपारी कमल गाढ झोपायची आणि मी अंगणात येरझारा घालायची. बा काय करत असेल? कोणी त्याला काय म्हटलं असेल? पहिल्या दिवशी जेवणं झाली आणि मी उठले, सगळ्यांची ताटं गोळा करायला लागले. हात आपोआप गेले. कमलच्या आईने माझं मनगट धरलं.

"बस, बाई. पाहुणी हायेस तू."

तिने धरलेलं मनगट मी कितीतरी वेळ दुसऱ्या हाताने धरून बसले. तेव्हा मला समजलं की मॅनेजरसाहेबांना मी बगीच्यात नाही म्हटलं, पण माझ्या हातांना अजून नाही म्हटलेलं नव्हतं. ते कितीतरी कठीण होतं. माझ्या हातांना ही सवय लावणाऱ्यांवरचा राग मी आजवर थंड होऊ दिलेला नाही.

शाळा उघडली. पहिल्याच तासाला बोलावणं आलं. मोठ्या बाईंच्या खुर्चीवर मॅनेजरसाहेब बसले होते. मोठ्या बाई बाजूला उभ्या. टेबलावर एक कागद.

"वाच," ते म्हणाले.

माफीनामा होता. माझ्या नावाचा. मी पाहुण्यांसमोर उद्धटपणा केला, उपकार विसरले, पुन्हा असं होणार नाही. खाली अंगठा उमटवलेला होता. काळा, आणि मधे भेगेची पांढरी रेघ. तो अंगठा मी कुठंही ओळखला असता.

"तुझा बाप शहाणा आहे. येऊन पाया पडला," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आता तू खाली सही कर. विषय संपला. आम्ही काही मनात ठेवणारे नाही."

मोठ्या बाईंनी दौत पुढे सरकवली. हळूच म्हणाल्या, "कर गं. एक सही तर आहे."

"सुट्टी माझी होती," मी म्हटलं. "माफी कशाची?"

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

एक मुद्दाम सांगते. मी घाबरलेली होते. घाबरलेल्या माणसालाही नाही म्हणता येतं.

नोकरी गेली. महिन्याअखेर कळवलं की जागेची गरज नाही. बापाची धुण्याची पाच-सहा मोठी घरं सुटली. एकदा चुलीपाशी बसून स्वतःच्या हाताकडे पाहत तो म्हणाला, "म्या तं तुह्यासाठीच देल्ला अंगठा."

"माहीत आहे, बा."

"मंग तुनं काहून नाही केली सही?"

"माह्यासाठीच."

त्याला ते पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे लोधीखेड्याला सरकारी शाळेत मला जागा मिळाली, तरी पटलं नाही. त्याने ते चुलीपाशी विचारलं आणि मी उत्तर दिलं, एवढंच आमच्या दोघांत झालं. माझ्यासाठी तो जे करू शकत होता ते त्याने केलं. ते मी स्वीकारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची माफी मागितलेली नाही.

तो कागद त्या शाळेच्या कपाटात असेल. माझं नाव असेल, वर त्यांचे शब्द असतील, बापाचा अंगठा असेल. त्याखालची जागा कोरी आहे. मी जिवंत आहे तोवर ती कोरीच राहणार, आणि माझ्यामागे माझ्या नावाने तिथं कोणी अंगठा उमटवला, तर तो माझा नाही.